‘५० मीटर’ लिहिलेले घड्याळ पाण्यात किती चालते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फिटनेस घड्याळे पाण्यात वापरण्याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : येत्या सुटीत आम्ही चौघे मालवण आणि तारकर्लीला जाणार आहोत. माझ्या फिटनेस घड्याळाच्या मागे ‘५ एटीएम’ आणि ‘५० मीटर’ असे कोरले आहे. मुलाच्या फिटनेस बँडच्या खोक्यावर ‘आयपी ६८’ असे छापले आहे. स्नॉर्कलिंग, नवशिक्यांचे स्कूबा, जेट स्की आणि बनाना बोट असा बेत आहे. स्कूबासाठी आम्हाला दहा-बारा मीटरपेक्षा खोल नेणारच नाहीत, मग ५० मीटरचे घड्याळ घालण्यास हरकत कोणती? दुकानदार तर ‘बिनधास्त घाला’ म्हणाला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला हिशेब वरवर पाहता बिनचूक आहे आणि म्हणूनच बहुतेक लोक तेथे फसतात. घड्याळावरचे ‘५० मीटर’ हे शब्द ‘या घड्याळासह ५० मीटर खोल जा’ असे सांगत नाहीत. नव्या कोऱ्या घड्याळाने प्रयोगशाळेत, स्थिर अवस्थेत, ५० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब काही मिनिटे सोसला, एवढाच त्यांचा अर्थ आहे. एक एटीएम म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब. पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण तेवढाच दाब वाढतो, म्हणून ५ एटीएम आणि ५० मीटर ही एकाच गोष्टीची दोन नावे झाली.

हातात रोज घालायच्या पाणीरोधक घड्याळांसाठी ‘आयएसओ २२८१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील चाचण्या समजून घेण्यासारख्या आहेत. घड्याळ १० सेंटिमीटर पाण्यात तासभर ठेवतात, कोमट आणि थंड पाण्यात आळीपाळीने बुडवतात, लिहिलेल्या दाबाखाली ते १० मिनिटे ठेवतात, आणि शेवटी घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात. काचेच्या आतून बाष्प धरले, तर आत पाणी शिरले आहे हे उघड होते आणि घड्याळ नापास होते. या मानकानुसार तयार झालेले प्रत्येक घड्याळ तपासावे लागत नाही, काही नमुने तपासले तरी चालते. पाण्याखाली उतरणाऱ्या डाइव्हरांच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे वेगळे मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते, प्रत्येक घड्याळाला लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाब सोसावा लागतो, आणि खाऱ्या पाण्याची चाचणीही द्यावी लागते. दोन्ही घड्याळांवर ‘मीटर’ हाच शब्द असतो, परंतु त्यामागची परीक्षा सारखी नसते.

आता आपल्या बेतातील एकेक गोष्ट पाहू. स्नॉर्कलिंग म्हणजे पृष्ठभागावर पालथे तरंगत खाली पाहणे. त्यासाठी ५ एटीएमचे घड्याळ, ते सुस्थितीत असेल तर, पुरेसे आहे. पोहण्यासाठीही ते पुरेसे आहे.

स्कूबाचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच आहे आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण घड्याळाचे. बारा मीटरवर पाण्याचा वाढीव दाब जेमतेम सव्वा एटीएम असतो हे खरे, पण तेथे घड्याळ दहा मिनिटे शांत पडून राहत नाही. ते बराच वेळ खाऱ्या पाण्यात राहते, प्रशिक्षकाच्या उपकरणांवर आपटते, आणि हातमोज्याच्या किंवा सूटच्या कडेने त्याचे बटण नकळत दाबले जाते. बटण दाबले जाण्याच्या त्या क्षणी दांडीभोवतीचे रबरी वॉशर हलते, आणि पाण्याला हवी असते तेवढीच फट. ॲपल कंपनीने आपल्या ५० मीटर क्षमतेच्या घड्याळांसाठी स्पष्ट लिहिले आहे की ती पोहण्यासारख्या उथळ पाण्यातील गोष्टींसाठी आहेत, आणि स्कूबा, वॉटर स्कीइंग किंवा वेगवान पाण्याचा मारा होईल अशा खेळांसाठी नाहीत. त्याच कंपनीचे ‘अल्ट्रा’ हे घड्याळ २०२२ मध्ये आले. त्याला १०० मीटरची क्षमता आणि ४० मीटरपर्यंतच्या हौशी डाइव्हिंगची वेगळी परवानगी आहे. परवानगी द्यायची तेव्हा कंपनी ती अशी नाव घेऊन देते. जेथे ती लिहिलेली नाही, तेथे आपण ती गृहीत धरू नये.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाण्याखाली माणसाने ज्या गोष्टींवर लक्ष ठेवायचे असते त्या म्हणजे खोली, वेळ, टाकीतील हवा आणि वर येण्याचा वेग. वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा जास्त नसावा, असे आज सर्वसाधारणपणे शिकवतात. यांपैकी बहुतेक गोष्टी डाइव्ह कॉम्प्युटर नावाचे खास यंत्र मोजते, आणि नवशिक्याच्या बाबतीत हे भान पूर्णपणे प्रशिक्षकाचे असते. आपल्या मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके आणि पावले मोजते, खोलीतील धोका मोजत नाही. पहिल्यांदाच पाण्याखाली श्वास घेणाऱ्याची नजर प्रशिक्षकाच्या हाताच्या खुणांवर असली पाहिजे. ठोके किती झाले हे पाहण्यात ती अडकली, तर जो मोलाचा क्षण चुकतो तो घड्याळाच्या किमतीहून फार मोठा असतो. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे किंवा अन्यत्र जेथे जाल तेथे बोटीत चढण्यापूर्वीच घड्याळे काढून कोरड्या पिशवीत ठेवा.

जेट स्की आणि बनाना बोट यांचे काय? येथे एका प्रचलित समजुतीची शहानिशा करायला हवी. ‘हात जोरात हलवला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून ५० मीटरचे घड्याळ पोहण्यालासुद्धा चालत नाही’, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. हिशेब तसे दाखवत नाही. पोहणाऱ्याचा हात पाण्यातून सेकंदाला ३ मीटर वेगाने गेला, तर त्या वेगामुळे वाढणारा दाब अर्धा मीटर खोलीच्या पाण्यापेक्षाही कमी भरतो. परंतु वाहता दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट स्कीवरून आपण पडलो, तर तोच दाब सुमारे १० मीटर खोलीइतका होतो. शिवाय घड्याळाचा सपाट भाग पाण्यावर चापट मारल्यासारखा आदळला, तर आदळण्याच्या त्या निमिषमात्रात त्या जागी दाब त्याच्या कितीतरी पट वर जातो. ही चापट प्रयोगशाळेतील संथ दाबासारखी नसते. ती बटणाच्या कडेला आणि स्पीकरच्या पातळ पडद्याला थेट लागते. बनाना बोटीची तर गंमतच शेवटी सर्वांना पाण्यात उलटवण्यात असते. म्हणून ५ एटीएमचे घड्याळ या दोन्ही खेळांत घालू नये, हे माझे ठाम मत आहे.

मुलाच्या ‘आयपी ६८’ बँडविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल. ही दुसऱ्याच मापनपद्धतीतील खूण आहे. पहिला ६ धुळीसाठी आणि नंतरचा ८ पाण्यासाठी असतो. ‘६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे. ‘६८’ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, परंतु किती खोल आणि किती वेळ हे ठरवण्याचा अधिकार उत्पादकाला असतो. एखादी कंपनी दीड मीटर लिहील, तर दुसरी त्याहून अधिक. आणि ही चाचणी गोड्या पाण्याची असते. बँडसोबत आलेल्या पुस्तिकेत खोली, वेळ आणि पोहण्याचा उल्लेख शोधा. पोहण्याचे नाव त्यात नसेल, तर त्याला पाऊस आणि हात धुणे एवढ्यापुरताच पाणीरोधक माना.

आणखी एक सांगतो. किनाऱ्यावर वाळूत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेले घड्याळ हातात घालून लगेच पाण्यात शिरू नका. आतली हवा ४५ अंशांवरून २५ अंशांवर आली की तिचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो आणि घड्याळ बाहेरचे पाणी आत ओढू लागते. धडधाकट वॉशरला याने काही होत नाही, पण थकलेल्या वॉशरची परीक्षा नेमकी येथे होते. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, मऊ कापडाने पुसा आणि मागचे चार्जिंगचे टिपके पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नका. खाऱ्या ओलाव्यातून वीज वाहिली की ते टिपके एका रात्रीत हिरवे पडून कुजू शकतात.

प्रश्न : सोसायटीच्या तलावात मी रोज अर्धा तास पोहते. घड्याळाची क्षमता ५० मीटर आहे आणि आमचा तलाव जास्तीत जास्त साडेपाच फूट खोल आहे. तरीही चौदा महिन्यांत काचेच्या आत धुके आले आणि दोन दिवसांत घड्याळ बंद पडले. सेवा केंद्राने ‘पाणी शिरले आहे, हे वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून परत पाठवले. पाणीरोधक म्हणून विकलेल्या वस्तूत पाणी शिरले, तर दोष माझा कसा? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्यातील राग मला समजतो. आधी कारणाकडे पाहू, कारण त्यावरच पुढचे सगळे ठरेल.

साडेपाच फूट पाण्याने ५० मीटरचे घड्याळ बिघडत नाही. अशा तक्रारींत खरा अपराधी बहुधा तलावानंतरचा गरम शॉवर असतो. आपण पोहून आल्यावर घड्याळ हातातच ठेवून साबण आणि शांपूने आंघोळ करत होतात का, हे आठवून पाहा. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे जेथे साधे पाणी अडते तेथे साबणाचे पाणी झिरपते. गरम वाफ तर त्याहून सहज आत जाते. त्यात तलावाचे क्लोरीन, सनस्क्रीन, डासांसाठीचे मलम आणि अत्तर यांचे थर वॉशरवर बसतात, ते कडक होते आणि त्याचा लवचीकपणा जातो. यातली कोणतीच गोष्ट प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्याच्या चाचणीत नसते. बऱ्याच फिटनेस घड्याळांत तर मागचे झाकण स्क्रूऐवजी चिकटद्रव्याने बसवलेले असते. घड्याळ एकदा फरशीवर पडून कडेला केसाएवढी चीर गेली, किंवा बॅटरी बदलण्यासाठी बाहेर कोणाकडून ते उघडले गेले, तर त्याची पाण्याची क्षमता तेथेच संपली असे समजावे. उत्पादकही पुस्तिकेत लिहितात की पाणीरोधकता कायमची नसते आणि काळानुसार ती कमी होते. ते वाक्य मात्र जाहिरातीत दिसत नाही.

पुढच्या वेळी धुके दिसताच घड्याळ बंद करा, चार्जरला लावू नका, बटणे दाबू नका आणि त्याच दिवशी सेवा केंद्रात द्या. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय घरोघरी केला जातो, पण तो टाळा. तांदळाचा कोंडा आणि पीठ छिद्रांत जाते आणि आतले पाणी मात्र तसेच राहते. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा चिकटद्रव्य आणखी सैल करते. पंख्याखाली, सुक्या जागी ठेवणे एवढेच घरी करता येते.

आता वॉरंटीविषयी. सेवा केंद्राच्या तोंडी नकाराने विषय संपत नाही. आपण त्यांच्याकडून लेखी अहवाल मागा. पाणी नेमके कोठून शिरले, झाकणाला किंवा काचेला बाहेरून मार लागल्याची खूण आहे का, घड्याळ यापूर्वी उघडले गेले होते का, एवढे त्यात असायला हवे. बाहेरून कोणतीही इजा नसताना वॉशर निकामी झाले असेल, तर आपली बाजू भक्कम आहे. खरेदीचे बिल, खोक्यावरील मजकूर आणि कंपनीच्या जाहिरातीत पोहणारा माणूस दाखवला असेल तर त्याचे छायाचित्र जपून ठेवा. वॉरंटी कागदावर एक वर्षाची असेल आणि घड्याळ चौदाव्या महिन्यात बिघडले असेल, तर लढत कठीण होते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही कंपनीच्या मुख्य तक्रार विभागाला लेखी कळवण्याने अनेकदा मार्ग निघतो.

तेथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध वेगळी तरतूद आहे.

अशा जाहिरातींना परदेशांत उत्तर मिळाले आहे. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने आपल्या काही गॅलेक्सी फोनच्या जाहिरातींत ते तलावात आणि समुद्रात वापरताना दाखवले होते. ओले फोन चार्ज केल्यास चार्जिंगची जागा कुजू शकत होती. तेथील ग्राहक आयोगाने खटला भरला, कंपनीने दिशाभूल मान्य केली आणि २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इटलीतील स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये आयफोनच्या पाणीरोधकतेच्या जाहिरातींबद्दल ॲपलला १ कोटी युरोचा दंड ठोठावला. त्या जाहिराती पाणीरोधक असल्याचे मोठ्याने सांगत होत्या, पण पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही हे पुरेसे स्पष्ट करत नव्हत्या. ही प्रकरणे फोनची होती आणि परक्या देशांची होती, परंतु आपण विचारलेला प्रश्न अगदी हाच आहे.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून चार दिवस पोहतो. घड्याळ कधी ४० फेऱ्यांचे १००० मीटर दाखवते, कधी ३४ फेऱ्याच मोजते. हृदयाचे ठोके तर पाण्यात कधी ७० तर कधी अचानक १६० दाखवते. घड्याळ खराब आहे का? आणि हिवाळ्यात समुद्रात पोहायला गेलो, तर हेच घड्याळ अंतर बरोबर मोजेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घड्याळ बहुधा खराब नाही, पण त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे जाणून घ्या.

तलावात घड्याळ अंतर मोजत नाही. ते आपण वळल्याचे धक्के आणि हाताच्या वल्ह्यांची लय ओळखते, फेऱ्या मोजते आणि त्यांना आपण भरलेल्या तलावाच्या लांबीने गुणते. घड्याळात २५ मीटर भरले असेल आणि तलाव प्रत्यक्षात २० मीटरचा असेल, तर ४० फेऱ्यांचे ८०० मीटर होतात आणि घड्याळ १००० दाखवते. सोसायट्या आणि हॉटेलांतील तलाव क्वचितच नेमके २५ मीटरचे असतात, म्हणून एकदा टेपने मोजून घ्या. फेऱ्या कमी भरण्याचे कारण बहुधा मधेच थांबणे, वळताना भिंतीला जोर न देणे किंवा किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरणे हे असते. दोन्ही हात बोर्डवर स्थिर असले की घड्याळाच्या दृष्टीने आपण पोहतच नसता.

ठोक्यांचे गणित अधिक नाजूक आहे. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा त्वचेवर पडतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा बदल घड्याळ मोजते. पाण्यात पट्टा आणि मनगट यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, हात सतत फिरत असतो आणि थंड पाण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. कधीकधी घड्याळ हृदयाचे ठोके सोडून हाताच्या वल्ह्यांची लयच मोजू लागते. अचानक दिसणाऱ्या १६० या आकड्याचा उगम तेथे असू शकतो. पोहण्यापुरता पट्टा एक भोक घट्ट करा आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर घ्या. यापेक्षा नेमके हवे असेल तर छातीचा पट्टा घ्यावा लागेल. ब्लूटूथ पाण्यातून जात नसल्याने तो ठोके स्वतःत साठवून नंतर घड्याळाला देणारा असावा.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पोहत असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पाण्यात दिसलेल्या आकड्यावरून व्यायाम वाढवू नका, आणि आकडा ठीक दिसतो म्हणून छातीतील अस्वस्थतेकडे दुर्लक्षही करू नका. पोहताना बोलता येईल एवढा दम शिल्लक आहे का, थांबल्यावर एका मिनिटात श्वास शांत होतो का, हे पाहा. मानेची नाडी स्वतः १५ सेकंद मोजून चारने गुणली, तर तो आकडा घड्याळाच्या आकड्यापेक्षा बहुधा अधिक भरवशाचा निघेल.

समुद्रात पोहताना ‘तलाव’ ऐवजी ‘खुले पाणी’ हा पर्याय निवडा. उपग्रहाचे संकेत पाण्यात पोहोचत नाहीत, त्यामुळे हात पाण्याबाहेर आला की घड्याळ तेवढ्या क्षणात जागा टिपते आणि मधला भाग अंदाजाने जोडते. फ्रीस्टाइलमध्ये हे बऱ्यापैकी जमते, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात सतत पाण्याखाली असल्याने अंतर भलतेच येते. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर पोहणाऱ्यांना तासन्‌तास उपग्रह चालू ठेवावा लागतो, तेव्हा बॅटरीचाही विचार करावा लागतो. आपल्याला त्याची अडचण येणार नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसारख्या ठिकाणी जाण्याचा विचार असेल, तर घड्याळ घालून पोहता येते का हे आयोजकांना आधी विचारा.

पाण्यात घड्याळापेक्षा माणसाकडे पाहावे, हे एका जुन्या प्रसंगातूनही कळते. मर्सिडीज ग्लाइट्झ या ब्रिटिश जलतरणपटूने ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडीत पोहताना रोलेक्सचे नवे ‘ऑयस्टर’ घड्याळ सोबत घेतले होते. ते तिने मनगटावर न बांधता गळ्यात अडकवले होते. थंड पाण्यात दहा तासांहून अधिक काळ काढल्यावर तिला वर काढावे लागले, ती खाडी त्या दिवशी पार झाली नाही, पण घड्याळ चालूच होते. त्या प्रसंगाची जाहिरात पुढे खूप झाली. मला त्यातील दुसरीच गोष्ट लक्षात राहते. घड्याळ चालू होते आणि माणूस थकला होता, आणि केव्हा थांबायचे हे बोटीतल्या माणसांनी तिच्याकडे पाहून ठरवले.

प्रश्न : पोहणे सुरू केल्यापासून घड्याळाच्या पट्ट्याखाली लाल पुरळ उठते आणि खाज येते. पट्टा सिलिकॉनचा आहे. ही ॲलर्जी आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बहुतेक वेळा हे पट्ट्याखाली अडकलेले पाणी, घाम, मीठ आणि क्लोरीन यांचे काम असते. पाण्यातून बाहेर आल्यावर घड्याळ काढा, मनगट आणि पट्टा दोन्ही साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा, आणि तासभर तरी ते दुसऱ्या हातावर किंवा टेबलावर राहू द्या. आठ दिवसांत पुरळ कमी झाले नाही, किंवा घड्याळाच्या धातूच्या भागाखालीच उठत असेल, तर निकेलची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चामड्याचा पट्टा मात्र पाण्यात कधीही वापरू नका. तो आतून कुजतो आणि त्वचेचा त्रास वाढवतो.

प्रश्न : कोलाडला राफ्टिंगच्या वेळी मार्गदर्शकाने सर्वांना घड्याळे काढायला लावली. माझे घड्याळ १० एटीएमचे होते आणि मला त्यावर पूर्ण प्रवासाची नोंद हवी होती. त्यांनी ऐकले नाही. त्यांचा हट्ट अनाठायी नव्हता का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, मार्गदर्शकाचे बरोबर होते आणि त्यांनी ऐकले नाही याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे.

आपल्या घड्याळाला कोलाडच्या कुंडलिका नदीच्या पाण्यापासून फारसा धोका नव्हता, पण ते इतरांना आणि आपल्याला धोक्याचे होते. राफ्टमध्ये माणसे खेटून बसलेली असतात, वल्ही एकाच वेळी वर-खाली होतात आणि लाटेवर राफ्ट उसळली की शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर कोपर किंवा मनगट आदळणे नेहमीचेच. घड्याळाची धातूची कड तेथे भुवई फोडू शकते. राफ्टच्या बाहेरून दोर गुंफलेला असतो, उलटल्यावर त्यालाच धरायचे असते. मनगटावरचा जाड पट्टा त्या दोरात किंवा बुडलेल्या फांदीत अडकला आणि वरून पाण्याचा लोट असेल, तर हात सोडवणे कठीण होते. याच कारणासाठी अंगठ्या आणि सैल गळसऱ्याही काढायला लावतात. कोलाडचे पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडले जाते आणि त्यामुळे उन्हाळ्यातही नदीला जोर असतो, हे आपण प्रत्यक्ष अनुभवलेच आहे.

घड्याळ हरवण्याचा प्रश्न आहेच. पट्टा सहसा तुटत नाही, पट्टा आणि घड्याळ जोडणारी बारीक स्प्रिंगची पिन निसटते. एका तलावात माझे स्वतःचे घड्याळ असेच निसटून तळाशी गेले होते आणि ते परत मिळाले, कारण तलावाला तळ दिसत होता. नदीला तो दिसत नाही. माझी विनंती एवढीच की राफ्टमधून काहीही पडले, मग ते कितीही महाग असो, तरी ते पकडायला वाकू नका आणि त्यामागे उडी तर मुळीच घेऊ नका.

प्रवासाची नोंद हवीच असेल, तर मार्गदर्शकाला विचारून घड्याळ राफ्टमध्ये बांधलेल्या कोरड्या पिशवीत ठेवा आणि त्यावर नोंद आधीच सुरू करा. पिशवी पाण्याच्या वर असल्याने उपग्रहाचे संकेत बहुधा मिळत राहतील आणि नकाशावर नदीची वळणे उमटतील. ठोक्यांची नोंद अर्थातच होणार नाही. पुन्हा जाण्यापूर्वी घरी त्या दोन्ही पिना घड्याळवाल्याकडून तपासून घ्या. वाकलेली किंवा गंजलेली पिन बदलायला फारसा खर्च येत नाही आणि पाच मिनिटांत ते काम होते.